पाऊस आला म्हणून रद्द?

धावण्याच्या स्पर्धेच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘खराब हवामानामुळे स्पर्धा रद्द झाल्यास फी परत मिळणार नाही.’ मी डोळे झाकून सही ठोकली. सोलापुरात खराब हवामान म्हणजे ऊन, आणि उन्हापायी इथं काही रद्द करायचं म्हटलं तर मार्च ते जून गावच बंद ठेवावं लागेल.

आयोजकांनीही कंबर कसली होती ती उन्हासाठीच. समितीतले एक काका तर अभ्यास करून आलेले. नंबर वाटताना त्यांनी झेंडे दाखवले. हिरवा असला की पळा, पिवळा असला की जपून, लाल म्हणजे वेग आवरा, काळा म्हणजे स्पर्धा बंद. २००७ साली शिकागोची मॅरेथॉन पारा ३१ अंशांवर गेला म्हणून मध्येच थांबवली, हेही सांगितलं.

मागून कुणीतरी ओरडलं, “एकतीसला? एकतीसला आपण चादर शोधतो बे!”

हवेतला दमटपणाही धरावा लागतो, असं काका सांगत होते. हशात कुणी ऐकलं नाही.

ऑक्टोबरातला रविवार. पहाटे सव्वापाचला पार्क चौकात पोचलो आणि आभाळ फाटलं.

काकांनी पिशवीतून झेंडे काढले, पण विजेसाठी रंगच नव्हता. मग मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप उघडलं, त्यात वीज आमच्या डोक्यावरच दिसत होती. नियम असा, की शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं कुणी हलायचं नाही. मांडवाचे खांब लोखंडी, म्हणून सगळ्यांना जवळच्या मंगल कार्यालयात कोंबलं. वॉचमननं डोळे चोळत हाफ पँटमधल्या वऱ्हाडाकडे पाहिलं आणि विचारलं, “मुलाकडचे का मुलीकडचे?”

काका घड्याळ धरून बसले. सव्वीस मिनिटं झाली, आम्ही नाड्या आवळल्या, आणि गडाड्! पुन्हा शून्यापासून. सापशिडीत अठ्ठ्याण्णवावर साप बसलेला असतो, तसं चाललं होतं. तिसऱ्या खेपेला अठ्ठाविसाव्या मिनिटाला कुणाची तरी खुर्ची फरशीवर खर्रकन सरकली, तर सगळ्यांच्या माना काकांकडे. हे धरायचं का?

रद्द करा, असं मात्र एकही जण म्हणेना. समितीतले आजोबा तर भडकलेच. “नळाला पाणी कधी येतंय म्हणून दिवस मोजतो आपण, आणि वरनं आलं तर त्याला खराब म्हणायचं? कुठल्या तोंडानं?”

अखेर पावणेआठला २१ आणि १० किलोमीटर मोडीत काढून सगळ्यांना पाचावर बसवलं. माझी तीन महिन्यांची तयारी अर्ध्या तासात संपणार होती. सात रस्त्यापाशी घोटाभर पाणी. त्यात रेनकोट घातलेला एक पोरगा इमानदारीत उभा होता, बादलीतला स्पंज पुढं करत.

“घ्या की सर, गार आहे.”

त्याचं मन मोडवेना. घेतला, डोक्यावर पिळला.

कुडकुडत शेवटची कमान ओलांडली, तेव्हा मोबाइल वाजला. आदल्या रात्रीच वेळ लावून ठेवलेला समितीचा मेसेज : ‘ऊन वाढत आहे. सावलीत थांबा, भरपूर पाणी प्या.’