चूक कबूल, पण ‘जुगाड’ म्हणालात ते नाही पटलं

नमस्कार, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माझ्या पोस्टमधला, जावासिस्ट (बाइटकोड, म्हणजे कम्पाइल झालेला जावा कोड, बदलणारी लायब्ररी) वापरून मेथडमध्ये टायमर घुसवायचा कोड अर्धवट आहे, एक्सेप्शन आलं की वेळ छापलीच जात नाही. सोर्समध्ये दोन ओळी टाकायच्या सोडून बाइटकोडशी खेळणं म्हणजे जुगाड. तुमच्या टॉमकॅटवर (जावाची वेबअ‍ॅप चालवणारा सर्व्हर) तर काहीच झालं नाही. आणि जावा २१ पासून हे असंही बंद होतंय.

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. इन्सर्टआफ्टर (मेथडच्या शेवटी कोड घालणारा जावासिस्टचा कॉल) नुसतं दिलं तर ते मेथड नीट रिटर्न झाली तरच चालतं, फायनलीसारखं, म्हणजे एक्सेप्शन आलं तरी चालायला हवं असेल तर दुसरं आर्ग्युमेंट ट्रू द्यावं लागतं. काल रात्री मुद्दाम एक्सेप्शन फेकून बघितलं, आधी काहीच छापलं नाही, ट्रू दिल्यावर लगेच ओळ आली. आणि ही चूक दिसते तेवढी साधी नाहीये, कारण जे कॉल टाइमआउट होऊन मरतात तेच सगळ्यात जास्त वेळ खातात आणि नेमके तेच मोजणीतून गळत होते, म्हणजे सरासरी एकदम झकास आणि युजर बोंबलतायत. पोस्टमधला कोड बदललाय. फक्त एक, एक्सेप्शनच्या वाटेने आलात तर तिथे रिटर्न व्हॅल्यू नल किंवा शून्य मिळते, तिच्यावर विसंबून काही लिहू नका.

आता जुगाड. अहो, सोर्स असता तर मीही दोन ओळीच टाकल्या असत्या ना! आमच्याकडे रिपोर्ट बनवणारी एक जुनी जार (कम्पाइल केलेल्या क्लासची फाइल) होती, सोर्स कोणाकडेच नाही, डिकम्पाइल करून परत बांधायला गेलो तर एररचा पाऊस. शेवटी स्टार्टअपला जावाएजंट (क्लास लोड होतानाच त्यात बदल करू देणारा जोड-प्रोग्राम) लावला, संशयित मेथडच्या सुरुवातीला आणि शेवटी वेळ घेतली, आणि अर्ध्या तासात कळलं की बया प्रत्येक ओळीला फॉन्टची फाइल नव्याने उघडतेय. आणि तुम्ही टेस्टसाठी मॉकिटो वापरत असालच, ते बाइटबडी या बाइटकोडच्याच लायब्ररीच्या जोरावर रनटाइमलाच क्लास तयार करतं. स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये मेथडवर ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन लिहिता, इंटरफेस नसेल तर तिथेही तुमच्या क्लासचा सबक्लास मागच्या मागे बनतो, म्हणून तर फायनल मेथडवर ते गपचूप चालत नाही. तो जुगाड चालतो, मग माझ्यावरच राग का?

टॉमकॅटचं मात्र तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंय, फक्त त्यावर एकच वाक्य लिहिलंत. खरं तर शिव्या यासाठी द्यायला हव्या होत्या. ट्रान्सफॉर्मरमधून (एजंटचा क्लास बदलणारा भाग) एक्सेप्शन बाहेर पडलं तर जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, ते गिळून टाकतं आणि मूळ क्लास जसाच्या तसा लोड करतं, ना एरर ना लॉग. माझे यात दोन दिवस गेले होते आणि पोस्टमध्ये मी ते लिहायचंच विसरलो. टॉमकॅटमध्ये प्रत्येक वेबअ‍ॅपचा क्लासलोडर वेगळा, जावासिस्टच्या डिफॉल्ट क्लासपूलला (जिथून ते क्लास शोधतं) तुमच्या अ‍ॅपचे क्लास दिसतच नाहीत, मग आतला कोड कम्पाइल करताना ते ‘सापडलं नाही’ म्हणून एक्सेप्शन टाकतं आणि पुढे शांतता. उपाय सोपा आहे, ट्रान्सफॉर्म मेथडला जो लोडर मिळतो तो लोडरक्लासपाथमध्ये गुंडाळून पूलला जोडायचा, आणि आतला सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये टाकून थ्रोएबल (एक्सेप्शन आणि एरर दोन्ही त्यात येतात) पकडून छापायचं. नुसतं एक्सेप्शन पकडून भागणार नाही, कारण नोक्लासडेफफाउंड हा एरर असतो, तो निसटतो.

राहिलं जावा २१. बंद वगैरे काही झालेलं नाहीये. जेप ४५१ ने (जेप म्हणजे जावातल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) चालू जेव्हीएमला बाहेरून एजंट चिकटवला तर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या कुठल्यातरी व्हर्जनमध्ये ते डिफॉल्टने अडवणार असं म्हटलंय. स्टार्टअपला कमांड लाइनवर दिलेल्या एजंटला त्यातून काही होत नाही, आणि माझी पोस्ट त्याबद्दलच होती. उलट जावा २४ मध्ये क्लास फाइल वाचायचं-लिहायचं एपीआय जेडीकेमध्येच अधिकृत आलंय, दर सहा महिन्यांनी फॉरमॅटचा नंबर बदलणार आणि बाहेरच्या लायब्ररीची वाट बघत बसायचं, याला जेडीके बनवणारेही वैतागले होते.

तुम्ही ट्राय-कॅच टाकून एकदा टॉमकॅट रीस्टार्ट करा आणि कन्सोलवर जे येईल ते इथेच पेस्ट करा, क्लासपूलचंच असेल असा माझा अंदाज आहे पण दुसरं काही निघालं तर मलाही बघायचंय.