सुलट, उलट आणि उसव

विणकामानं मन शांत होतं असं जे सांगतात, त्यांच्या हातून टाका कधी सुटलेला नसावा. किंवा सुटला असेल आणि अजून त्यांच्या लक्षात आलेलं नसेल. शांततेचे हे दोनच मार्ग मला दिसतात.

मी या नादाला लागलो तो मावशीच्या एका वाक्यानं. "अरे, टाके दोनच. सुलट आणि उलट. तेही खरं म्हणजे एकच. सुलट टाका मागून बघितला की झाला उलट." ज्याचा अभ्यासक्रम अर्ध्या मिनिटात संपतो असं शास्त्र जगात दुसरं कुठलं आहे? मी सुया आणि लोकर घेऊन तिच्यासमोर बसलो.

मावशी टीव्ही बघत, शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकत, मधूनच त्या भांडणात आपलं मत देत विणते. सुयांकडे बघत नाही. मी एकटक बघतो, म्हणून माझ्या सुया बिचकत असाव्यात. तिची शिकवण्याची पद्धतही सुटसुटीत आहे. माझ्या हातातलं काम ती घेते, उजेडाकडे धरते आणि एकच शब्द बोलते. "उसव."

पहिला मफलर चाळीस टाक्यांचा होता. वीतभर विणून झाल्यावर मोजले तर एकावन्न भरले. हे अकरा पाहुणे आले कुठून, याचा शोध घेतला तेव्हा कळलं की लोकर चुकून पुढच्या बाजूला राहिली आणि तशीच सुलट विणली, की सुईवर फुकटचा एक वेढा पडतो. पुढच्या ओळीत तो हक्कानं टाका म्हणून उभा राहतो आणि त्याच्या पायाशी भोक पडतं. हेच भोक मुद्दाम पाडलं तर त्याला जाळीची वीण म्हणतात आणि बायका कौतुकानं हात फिरवून बघतात. मी मावशीला सांगितलं, ही जाळीची वीण आहे. पुढचा शब्द काय होता ते सांगायला नको.

भोकं संपली तर मफलर गुंडाळायला लागला. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलेलं कापड सपाट राहतच नाही. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची पुढे वळते. सुलट बाजूचा ताण वेगळा, उलट बाजूचा वेगळा, त्यामुळे कापड आपणहून कूस बदलतं. यात विणणाऱ्याचा काडीचा दोष नाही, ही गोष्ट मी घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावून सांगितली. "पण मग हा मफलर आहे की नळी?" असं मुलीनं विचारलं. ती वयात येतेय, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सुटलेल्या टाक्याबद्दल मात्र गंभीरपणे बोललं पाहिजे. विणकामात सुईवरचा प्रत्येक टाका जिवंत असतो. दोनशे टाके असतील तर दोनशे जीव सुईच्या भरवशावर लटकलेले. त्यातला एक घसरला की तो गप्प बसत नाही. खालच्या ओळीतल्या भावाला सोडवतो, तो त्याच्या खालच्याला, आणि बघता बघता कापडात वरपासून खालपर्यंत शिडी लागते. अशा वेळी ओरडू नये. मी ओरडतो. मावशी क्रोशाची सुई घेऊन येते, सर्वांत खालचा फासा पकडते आणि शिडीच्या एकेका पायरीतून ओढत त्याला वर आणून बसवते.

मग स्वेटर. आधी दहा सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून त्यात किती टाके बसतात ते मोजावं, असं सगळे जाणकार बजावून सांगतात. विणायच्या आधी विणून बघायचं, हे मला वेळकाढूपणाचं वाटलं. कृतीत लिहिलं होतं आठ नंबरची सुई, माझ्याकडे आठ नंबरची सुई होती, विषय संपला. विषय तिथे सुरू होतो. अमेरिकेतली आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते आणि जुन्या ब्रिटिश मोजणीतली आठ नंबरची चार मिलिमीटरची. शिवाय अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते आणि ब्रिटिश पद्धतीत बारीक. दोन देशांनी बसून ठरवल्याशिवाय इतका उलटा कारभार होत नाही. कृती निघाली अमेरिकेतली आणि माझ्या सुया ब्रिटिश. कृतीप्रमाणे दहा सेंटिमीटरला अठरा टाके यायला हवे होते, माझ्या सुयांवर बावीस येत होते. फरक चारच टाक्यांचा. पण १८० टाक्यांचा घेर, जो १०० सेंटिमीटर व्हायचा, तो ८२ वर आटपला. माझ्यासाठी विणलेला स्वेटर आता मुलगी घालते, आणि तिला तो सैल हवा होता अशी तिची तक्रार आहे.

क्रोशाकडे वळलो ते जिवंत टाक्यांना घाबरून. क्रोशात एका वेळी एकच फासा जिवंत असतो, बाकीचे आपापल्या जागी बांधलेले. दारावरची घंटा वाजली तर काम खाली ठेवून जाता येतं. साखळी, मुका खांब, खांब, ही टाक्यांची नावंही कशी ठाम आणि बांधकामातली. शिवाय मोजे विणायची यंत्रचौकट विल्यम ली यानं १५८९ मध्येच बनवली, पण क्रोशाची खरी वीण आजही माणसाच्या हातानंच होते. कारखान्यांना जे जमलं नाही ते आपण करतोय, या विचारानं छाती फुगते. जमत नसलं तरी फुगते.

पेल्याखाली ठेवायला गोल आसन करायला घेतलं. मुक्या खांबांच्या गोलाचा हिशेब सोपा आहे. पहिल्या फेरीत सहा, मग प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे. बारा, अठरा, चोवीस. वाढवायचे विसरलात तर गोलाच्या कडा उभ्या राहतात आणि आसनाची टोपी होते. माझी झाली. पुढच्या वेळी टोपी टाळायची म्हणून मी सढळ हातानं वाढ केली, तेव्हा कडेला चुण्या पडायला लागल्या, चुण्यांना चुण्या फुटल्या, आणि टेबलावर ठेवलं की ती वस्तू एका वेळी तीनच ठिकाणी टेकायची.

इथे मला गणितानं हात दिला. कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना टायमिना या बाईंनी १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन क्रोशानं हायपरबोलिक प्रतल विणलं, म्हणजे मध्यापासून दूर जाल तसा इतका पसरत जाणारा पृष्ठभाग, की तो सपाट न राहता चुण्याचुण्यांचा होतो. त्याआधी या भूमितीचे नमुने कागदाचे करायचे आणि ते हाताळताना फाटायचे. त्यांनी विणलेला नमुना विद्यार्थ्यांना हातात धरून वाकवून बघता यायला लागला. जी भूमिती गणितज्ञांना कागदावर नीट धरता येईना, ती माझ्या हातून सहज सांडली होती. बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या हायपरबोलिक गोष्टीवर मी पेला कुठे ठेवू?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक तोंड भरून म्हणतात. अंगण खरोखरच वाकडं असू शकतं, ही शक्यता आजवर कुणी तपासलेलीच नाही. मी तपासली. विकतच्या लोकरीचे पदर सुटे होते, सुई त्यांच्या मधूनच घुसायची. गुंड्याच्या पोटात गाठी होत्या. एक लडी संपून दुसरी जोडली तर रंगात अर्ध्या छटेचा फरक, कारण रंगाचा घाणा वेगळा. इतक्या वाकड्या अंगणात मावशी कशी नाचते हा तिचा प्रश्न. मी स्वतःचं अंगण घालायचं ठरवलं. धुऊन विंचरलेली कच्ची लोकर आणली, टकळी आणली.

तत्त्व अगदी साधं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, त्याला नैसर्गिक कुरळेपणाही असतो. तंतू ओढून पातळ करायचे, पीळ द्यायचा, की ते एकमेकांना घट्ट धरतात. कापसाचा तंतू आखूड, लोकरीचा लांब, म्हणून नवशिक्यानं लोकरीपासून सुरुवात करावी असं सांगतात. प्रत्यक्षात एक हात टकळी फिरवतो, दुसरा लोकर ओढतो, आणि पीळ न ओढलेल्या लोकरीत शिरू नये म्हणून चिमटीनं अडवायला तिसरा हात लागतो. तो मिळेपर्यंत टकळी पडते. थोडा वेळ सुलट फिरून ती चोरपावलांनी उलट फिरायला लागते, आपणच घातलेला पीळ आपणच काढून टाकते आणि मग पडते. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. सूत कातणं चाललंय, असं मी सांगितलं. त्यावर काय बोलावं हे त्यांना सुचलं नाही.

टकळी गुडघ्यांत धरून थांबवायची, सावकाश लोकर ओढायची, मग पीळ सोडायचा, ही युक्ती सापडल्यावर धागा निघायला लागला. धागा म्हणजे बकरं गिळलेला अजगर. इथे केसाएवढा, तिथे बोटाएवढा. पीळ हा स्वभावानं आळशी. बारीक जागा दिसली की तिथेच गर्दी करतो, जाड जागेकडे फिरकत नाही. त्यामुळे बारीक भाग ताठ होतो आणि जाड भाग पीळ नसल्यामुळे हळूच सुटून हातात येतो. एकेरी सूत जरा ढिलं सोडलं की स्वतःभोवतीच वेटोळं घालतं. असल्या सुताचं कापड विणलं तर ते तिरकं होतं, म्हणून दोन पदर घेऊन उलट्या दिशेनं पिळायचे, म्हणजे एकाचा हट्ट दुसरा मोडतो.

आणि मग हिशेब केला. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण एक किलोमीटर धागा लागतो. दुपदरी हवा तर कातायचे दोन किलोमीटर. चरखा येईपर्यंत हजारो वर्षं माणसांनी अंगावरचं बहुतेक कापड टकळीच्याच सुतानं विणलं. व्हायकिंग लोकांच्या जहाजांची शिडंसुद्धा लोकरीची होती. म्हणजे समुद्रावर निघण्याआधी त्यांच्या घरच्या बायकांनी किती किलोमीटर सूत कातलं असेल! जग जिंकायला गेलेल्यांची नावं इतिहासात आहेत. शिडाचं सूत कातणाऱ्यांच्या हातून टकळी किती वेळा पडली, याची मात्र कुणी नोंद ठेवली नाही.

माझ्या दोन किलोमीटरपैकी जे काही झालं, त्याचा तळहाताएवढा नमुना विणून मी मावशीला दाखवला. तिनं तो उजेडाकडे धरला. शब्द यायच्या आत मी म्हणालो, "हे उसवणार नाही. तंतू एकमेकांत अडकलेत. ओढून बघ." तिनं ओढून बघितलं. खरंच उसवेना. आयुष्यात पहिल्यांदा मावशीला बोलायला दुसरा शब्द शोधावा लागला.

"आण ती टकळी."

ती ताठ बसली, पदर खोचला, टकळी फिरवली. पडली. उचलली, चष्मा पुसला, फिरवली. पडली. टीव्ही बंद करायला लावला. शेजारच्या खोलीतलं भांडणही थांबलं आणि दोन्ही पक्ष दारात येऊन उभे राहिले. पडली. मग तिनं टकळीची काडी डोळ्यासमोर आडवी धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली.

"वाकडी आहे रे ही."

"वाकडीच आहे," मी म्हणालो. "दुसरी आणू?"

"दोन आण."