वीस मिनिटांचे इंग्रजी

बँकेच्या परीक्षेची तयारी करतो आहे असे सांगितले, की नातेवाईक हमखास गणिताची चौकशी करतात. त्यांना कोणी सांगावे, की गणित हा त्यातल्या त्यात सज्जन विषय आहे! चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणाला एकच उत्तर असते आणि ते का आले हे नंतर तरी पटते. इंग्रजीत पाच पर्यायांपैकी तीन बरोबर वाटतात, चौथा त्यांच्याहून बरोबर वाटतो आणि उत्तरतालिकेत पाचवा निघतो.

सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या प्रोबेशनरी ऑफिसर (परिविक्षाधीन अधिकारी) पदाच्या पूर्वपरीक्षेत एका तासात १०० प्रश्न असतात. त्यांपैकी इंग्रजीचे ३० आणि त्यांना वेळ २० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ४० सेकंद. उत्तर चुकले की पाव गुण कापला जातो. प्रत्येक विभागाचे घड्याळ स्वतंत्र असल्यामुळे गणितात वाचलेली दोन मिनिटे इंग्रजीकडे वळवता येत नाहीत. कर्जे वाटणे हाच ज्या संस्थांचा व्यवसाय, त्यांच्या परीक्षेत एका विभागाने दुसऱ्याला दोन मिनिटे उसनी देऊ नयेत, हे मला अजून उमगलेले नाही. एवढे करून पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम निवडीत धरले जातच नाहीत. सारा खटाटोप केवळ दारातून आत जाण्यासाठी. लिपिकपदाच्या परीक्षेतले बाकीचे विभाग आता मराठीतूनही सोडवता येतात, मात्र ही सोय इंग्रजीच्या विभागाला लागू नाही; त्यामागचे कारण मला समजते, फक्त पटत नाही.

‘रोज इंग्रजी अग्रलेख वाचा’ हा मंत्र प्रत्येक यशस्वी उमेदवार मुलाखतीत देतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत इंग्रजी वर्तमानपत्राची एकच प्रत येते आणि दुपारपर्यंत तिच्यावर निळ्या, लाल, हिरव्या पेनांनी इतकी वर्तुळे उमटलेली असतात, की मूळ मजकूर हा त्या वर्तुळांमधला अडथळा वाटू लागतो. अग्रलेखाने सरकारला नेमके काय सुनावले, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. परंतु सुनावताना कोणती क्रियापदे वापरली, ती सर्वांना तोंडपाठ असतात. उताऱ्यावरच्या प्रश्नांत तर लेखकाचा सूर विचारतात: उपहासाचा, चिंतेचा, तटस्थ, आशावादी की टीकेचा? सूक्ष्म वित्तपुरवठ्यावर लिहिणाऱ्या त्या बिचाऱ्याला कोणी प्रत्यक्ष विचारले असते, तर मानधन वेळेवर मिळावे, एवढाच आपला सूर असल्याचे त्याने सांगितले असते.

परंतु खरी कसोटी लागते ती चूक शोधण्याच्या प्रश्नात. एका वाक्याचे चार तुकडे करून देतात. चूक एका तुकड्यात असते किंवा मुळीच नसते आणि त्यासाठी ‘नो एरर’ हा पाचवा पर्याय ठेवलेला असतो. इथले नियम सोयरिकीपेक्षा कडक आहेत. ‘नो सूनर’चे जमते ते ‘दॅन’शीच, ‘हार्डली’चे ‘व्हेन’शी, ‘सीनियर’ला ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’च लागतो, ‘डिस्कस’च्या घरात ‘अबाउट’ला प्रवेश नाही आणि ‘वन ऑफ द’च्या पाठीमागे नाम अनेकवचनी, तर क्रियापद एकवचनी. हे सारे पाठ झाल्यावर निर्दोष वाक्यही निर्दोष दिसेनासे होते. साधे, सरळ वाक्य समोर आले की इतके सरळ कसे, या संशयाने ४० सेकंद संपतात.

हा संशय अभ्यासिकेतच ठेवून घरी परतता आले असते तर बरे झाले असते. एका लग्नात मावशीने मला पाहुण्यांसमोर उभे करून, ‘हा आमच्या नेहाचा कझिन ब्रदर,’ अशी ओळख करून दिली. यातला ‘ब्रदर’ परीक्षेत चूक धरतात, नुसते ‘कझिन’ पुरे, असे मी नम्रपणे सुचवले. ‘मग काय तुला कझिन सिस्टर म्हणू?’ असे मावशीने विचारले आणि पाहुणे जिलबीकडे वळले.

मुख्य परीक्षेत ३० मिनिटांत संगणकावर इंग्रजी लेखनही करावे लागते. क्लासच्या जुन्या सराव प्रश्नपत्रिकांत निबंधाच्या जोडीला शाखाधिकाऱ्यांना लिहायचे तक्रारपत्र ठरलेले असते. त्यामुळे ज्या बँकेत नोकरी हवी, तिच्याच शाखाधिकाऱ्यांकडे मी नियमितपणे गाऱ्हाणी मांडतो: एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, धनादेशपुस्तिका पोहोचली नाही, पासबुक छापून मिळत नाही. परवा शेवटचा विषय वडिलांनी माझ्या खांद्यावरून वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अरे, हे तर आपलंच! शाखेतलं यंत्र कधीचं बंद आहे. दे की छापून.”

“एवढ्यात नको, बाबा. तिसऱ्या वाक्यात ‘द’ हवा की नको, ते ठरत नाहीये.”

बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दिनदर्शिकेचे जुने पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळींचा मराठी अर्ज लिहिला, खाली सही ठोकली आणि चपला घालून ते शाखेकडे निघाले. माझ्या घड्याळात अजून चार मिनिटे शिल्लक होती. ती मी ‘द’ घालण्यात आणि काढण्यात सत्कारणी लावली.