दारफळणी आणि जर्मन रविवार

बर्लिनमधल्या माझ्या पहिल्या रविवारी मी सकाळी लवकर उठले, आधीच्या भाडेकरूनं मागे ठेवलेल्या काचेच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि अंगणातल्या डब्यात एकेक टाकायला लागले. चौथ्या बाटलीला पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. सत्तरीच्या एक बाई, केस अजून विंचरायचे होते. म्हणाल्या, "आज रविवार आहे." मला वाटलं, शुभेच्छा देताहेत. मी हसून म्हटलं, "तुम्हालाही!" खिडकी धाडकन लागली.

माझ्या डोक्यात रविवार म्हणजे अजूनही आठवड्याचा पहिला वार. हिब्रूत त्याचं नावच 'योम रिशोन', पहिला दिवस. शाळा रविवारी सुरू, बँक रविवारी सुरू, आळस शुक्रवार-शनिवारचा. मी दिमोनाची. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातलं हे गाव महाराष्ट्रात कुणाला ठाऊक असलंच तर अणुभट्टीमुळे. आमच्या गल्लीत मात्र दुपारी खोबऱ्याच्या वाटणाचा वास यायचा आणि म्हाताऱ्या बायका बाकावर बसून मराठीत एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजी रेवदंड्याची. शाळेत हिब्रू, घरात मराठी, आणि देवनागरी तिनं वहीत गिरवून घेतलेली, चुकलं की टपली.

कोकणात आमच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून. म्हणजे आमची ओळखच मुळी एक दिवस दुकान बंद ठेवण्यावरून पडली. आणि बंद दुकानांबद्दल मी नव्यानं काय ते शिकले जर्मनीत.

मी निघाले २०१५ साली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, इस्रायलमध्ये पुडिंगवरून रण माजलं होतं. बर्लिनमधल्या एका इस्रायली तरुणानं फेसबुकवर दुकानाची पावती टाकली. चॉकलेट पुडिंग, वर साय, १९ सेंट. आमच्याकडे 'मिल्की' नावाची तशीच डबी मिळते, तिची किंमत तेव्हा तिपटीहून जास्त. त्यानं पानाला नाव दिलं होतं 'ओलीम ले-बर्लिन'. मिरची त्या नावात होती. 'ओले', अनेकवचनी 'ओलीम', म्हणजे चढून येणारा, हा शब्द फक्त इस्रायलला येणाऱ्यासाठी राखीव. जो सोडून जातो तो 'योरेद', उतरणारा. १९७६ साली पंतप्रधान राबिन यांनी उतरणाऱ्यांना गळून पडलेले दुबळे जीव अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. पुढे त्यांनी ते मागे घेतलं, पण असले शब्द मागे घेऊन परत येत नाहीत. आता हा पोरगा सांगत होता की बर्लिनलाही चढता येतं. मंत्री चिडले, अग्रलेख आले. वर्षभरानं मी बॅग भरली तेव्हा मामा म्हणाला, "काय गं, पुडिंग खायला निघालीस?"

ते पुडिंग मी खाल्लं. साय पातळ आणि चॉकलेट बेताचं. मिल्की चांगली. शिवाय पुडिंगात वाचलेले पैसे घरभाड्यात कधीच गेले, आणि त्वचेच्या डॉक्टरची तारीख इथे चार महिन्यांनंतरची मिळते, हे त्या पावतीवर छापलेलं नव्हतं.

पण किंमतीवरचा वाद मला फार वेळ पुरला नाही. खरा घोळ पुढे आहे. इस्रायलमधल्या प्रत्येक भांडणात युरोप हा साक्षीदार असतो. धर्म न मानणारे म्हणतात, बघा, तिकडे कुणी देवाच्या नावानं शटर पाडायला लावत नाही. धार्मिक म्हणतात, बघा, तिकडे सगळं मोकळं म्हणून घरं मोडली. दोघंही साक्षीदाराला कोर्टात न आणताच त्याची जबानी वाचून दाखवतात. शनिवारी कोपऱ्यावरचं सुपरमार्केट उघडं ठेवायचं की नाही, यावर जानेवारी २०१८ मध्ये आमच्या संसदेनं कायदा केला. नगरपालिकांनी दुकानांना दिलेली शनिवारची मुभा रोखायचा अधिकार गृहमंत्र्याला मिळाला. ५८ विरुद्ध ५७, एका मतानं. मी तेव्हा इथून हळहळत होते की आपला देश मागे चालला.

हळहळून झाल्यावर दूध आणायला खाली उतरले. तो नेमका रविवार होता, त्यामुळे दूध मिळालं नाही. बर्लिनमध्ये रविवारी स्टेशनातलं एखादं दुकान, बेकरी आणि रात्री-बेरात्री बिअर विकणारी कोपऱ्यावरची टपरी सोडली तर सगळं बंद. कपडे, फर्निचर, किराणा, सगळं. भिंतीला ड्रिल लावायचं नाही. काच टाकायची नाही, हे तर मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. आणि हा नुसता रिवाज नाही, थेट संविधान आहे. १९१९ च्या वायमार संविधानातलं एक कलम आजच्या जर्मन संविधानात जसंच्या तसं उचललेलं आहे. रविवार आणि सणाचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून कायद्यानं राखले जातील, असं ते म्हणतं. आत्मिक उन्नती! बर्लिनसारख्या शहरात, जिथे शनिवारी रात्री नाचायला गेलेले लोक सोमवारी उजाडता घरी येतात. बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना खुले केले, तर चर्चवाले न्यायालयात गेले आणि १ डिसेंबर २००९ ला संविधान न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. चर्चच्या जोडीला कोण? कामगार संघटना. पाद्री आणि लाल झेंडा एका बाकावर. हे चित्र तेल अवीवच्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना वाटलं मी थापा मारते आहे.

आणखी आहे. नाव नोंदवायला गेले तर अर्जात धर्माचा रकाना. चर्चचा सभासद असलात तर आयकराची जी रक्कम होते तिच्या ९ टक्के वेगळा चर्च-कर, सरकार स्वतः पगारातून कापून चर्चला पोचवतं. सभासदत्व सोडायचं तर बर्लिनमध्ये त्यासाठी न्यायालयात जाऊन लिहून द्यायचं. गुड फ्रायडेला दिवसा सार्वजनिक नाचावर बंदी. आमच्याकडे यातलं एक जरी उद्या आणलं तर लाखभर लोक रस्त्यावर उतरतील, आणि त्यांच्या फलकांवर लिहिलेलं असेल, 'आम्हाला युरोपसारखं जगायचंय'.

तर मग माझ्या धार्मिक मामाचं बरोबर होतं का? तोही खूश होऊन मला हेच विचारतो. नाही मामा.

आजीचं सांगते. ती शेवटी बेरशेबाच्या रुग्णालयात होती, दिमोनापासून पस्तीसेक किलोमीटर. शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीसाठी, शुक्रवारी दुपारी बस थांबली की शनिवारी संध्याकाळपर्यंत नाही. आमच्याकडे गाडी नव्हती. टॅक्सीचे पैसे आईनं दोन शब्बाथ भरले, तिसऱ्याला मोजून बघितले आणि घरीच बसली. आजी तो दिवस एकटी होती. तिला शब्बाथचं वावडं नव्हतं, उलट घरात मेणबत्त्या तीच लावायची. तिला मुलगी हवी होती. इथे रविवारी दुकान बंद असतं, पण भुयारी रेल्वे चालते, बस चालते, लोक केकचा डबा मांडीवर घेऊन म्हाताऱ्या आयांना भेटायला निघालेले दिसतात. दुकान बंद राहिल्यानं दूध संपतं, एवढंच. बस बंद राहिली तर गाडी नसलेला माणूस गावात कोंडला जातो, आणि गाडी कुणाकडे नसते हे दिमोनाला विचारा, तेल अवीवला नाही. तेल अवीव आणि शेजारच्या गावांनी तर २०१९ पासून शनिवारच्या आपल्या फुकट बस सुरू केल्या. आमच्याकडे त्या पोचल्या नाहीत.

दुसरी गोष्ट लग्नाची. जर्मनीत कायद्याचं लग्न होतं नोंदणी कचेरीत, मग हवं तर चर्चमध्ये जा नाहीतर जाऊ नका. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हाती. ज्यांना ते नको किंवा ज्यांना रब्बी नको म्हणतात, ते सायप्रसला विमानानं जातात, सही करून येतात आणि सरकार ती सही मुकाट नोंदवून घेतं. दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती असण्याचा हा प्रकार बेने इस्रायलांना नीट माहीत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की आमच्यातल्यांचं लग्न लावण्याआधी आईच्या बाजूच्या पिढ्या तपासा. दोन हजार वर्षं घाणा बंद ठेवला, त्याचा दाखला आणा म्हणे! १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे संसद बाजूनं उभी राहिली आणि ते फर्मान मागे हटलं. शटर पाडायला सांगणारा कोण, यापेक्षा दाराची किल्ली कुणाकडे हे मी जास्त बघते, ते या वारशामुळे असेल.

दारावरून आठवलं. इस्रायलमध्ये मॉल, स्टेशन, सगळीकडे शिपाई पर्स उघडायला लावतो. इथे पहिला महिनाभर मी मॉलच्या दारात सवयीनं पर्स उघडून उभी राहायची, लोक बाजूनं निघून जायचे. बर्लिनमध्ये माझी पर्स नियमानं तपासली जाते ती फक्त एका ठिकाणी, मशिदीच्या दारात. (सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, आमच्या आज्या मशीदच म्हणायच्या. हे इथे मोठ्यानं म्हटलं की समजावून सांगण्यात संध्याकाळ जाते.) बाहेर पोलीस कायम. जर्मनीतल्याच हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ ला, योम किप्पूरच्या दिवशी, बंदूकधारी सिनेगॉगवर चालून आला. आत पन्नासच्या वर माणसं. लाकडी दार टिकलं. त्यानं मग बाहेर दोघांचा जीव घेतला. योम किप्पूरला आमच्या मराठीत नाव आहे दारफळणीचा सण. दारं लावून घरात बसायचा, उपासाचा दिवस. आईनं फोनवर विचारलं, "दारफळणीलाच?" आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर तर भुयारी रेल्वेत हिब्रूत बोलावं की नाही हा प्रश्न इथल्या प्रत्येक इस्रायली घरात निघाला. माझ्याकडे तिसरी वाट होती. आईशी फोनवर आमची अर्धी हिब्रू, अर्धी मराठी भेळ चालायची. आता डब्यात शिरले की मी नुसतं मराठी बोलते. समोरचा गृहस्थ बंगळुरूची आयटीवाली समजून कौतुकानं हसतो. हे सोयीचं आहे, आणि मला त्याची लाज वाटते, आणि तरी मी ते करते. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रं येत होती तेव्हा दिमोनाचा इशारा माझ्या फोनवर वाजायचा. आई तिकडे घरातल्या पक्क्या खोलीत, मी इकडे रेल्वेत, विचारत होते, "दार नीट लावलंस ना गं?"

दिमोनात दारफळणीला रस्त्यावर एकही गाडी नसायची. बेरशेबाच्या हमरस्त्यावर आम्ही पोरं सायकली हाणायचो. कायद्यानं गाड्यांना बंदी नाही त्या दिवशी. कुणी काढत नाही, इतकंच. आणि तेच नाजूक आहे. २०२३ च्या योम किप्पूरला तेल अवीवच्या डिझेनगॉफ चौकात स्त्री-पुरुषांमध्ये पडदा लावून प्रार्थना करायची की नाही यावरून लोक एकमेकांवर ओरडले. न्यायालयानं पडदा नको म्हटलं होतं, आयोजकांनी झेंडे दोरीवर टांगून पडदा केला, आणि सबंध देशाला जो एकच दिवस भांडणाविना मिळायचा तोही गेला. मी दोन्हीकडच्यांवर चिडले. दोघांनाही बर्लिनचा एक रविवार दाखवावा असं वाटलं, त्या मागची सगळी बेरीज-वजाबाकी सांगत.

गेल्या दारफळणीला मी घरीच होते. फोन बंद, दार बंद. खाली शहर चालूच होतं, ट्राम, शाळा, कामावर निघालेली माणसं. दुपारी बेल वाजली. पहिल्या मजल्यावरच्या त्या बाई. त्यांचं पार्सल आदल्या दिवशी माझ्याकडे ठेवलेलं. मी ते हातात दिलं. त्यांनी माझे पांढरे कपडे बघितले, अंधारलेला दिवाणखाना बघितला, स्वयंपाकघरातून काहीच वास येत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं असावं.

"आज तुमचा रविवार आहे का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी दार स्वतःच बाहेरून ओढून घेतलं, आवाज होऊ न देता.