मुलांच्या कयाकचं पॅडल ‘वाढत्या मापाचं’ घेऊ नका

‘मुलांसाठी कयाकचं पॅडल घेताय? हे पाच नियम पाळा’ असा एक संदेश सध्या जिकडेतिकडे फिरतोय. (कयाक म्हणजे अरुंद, हलकी होडी; तिचं पॅडल म्हणजे दांडीच्या दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं.) खाली ‘अनुभवी प्रशिक्षकांकडून’ असं लिहिलंय. कोण प्रशिक्षक, कुठले, काही पत्ता नाही. नियम असे: पॅडल मोठ्यांच्याच मापाचं, 230 सेंमीचं घ्या, म्हणजे दहा वर्षं बघायला नको. ते उभं धरून मुलाने हात वर केला की बोटं वरच्या पात्यावरून वाकली पाहिजेत. पातं जेवढं मोठं तेवढा जोर जास्त. पॅडल दोरीने मुलाच्या मनगटाला बांधा, म्हणजे वाहून जाणार नाही आणि मूल पडलंच तर त्याच्या आधाराने तरंगेल. आणि घ्यायचं ते अ‍ॅल्युमिनियमचंच.

मी दुर्लक्ष करत होते. पण काल बहिणीचा फोन आला. तारकर्लीला निघालेत, भाची नऊ वर्षांची, आणि बहिणीने मला विचारलं की मनगटाला बांधायला नायलॉनची दोरी चालेल का. म्हणून सुरुवात चौथ्या नियमापासूनच करते.

मनगटाला काहीही बांधायचं नाही. नायलॉन नाही, सुती नाही, वेल्क्रोसुद्धा नाही. कयाक उलटली की मुलाचे दोन्ही हात मोकळे हवेत, होडी धरायला आणि आपला हात धरायला. त्यातल्या एका हाताला दोन मीटरची दांडी अडकवलेली असली तर काय होईल, याचा विचार हे लिहिणाऱ्याने क्षणभरही केलेला नाही. तारकर्लीजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी चांगलंच ओढतं. अशा ओढीत पॅडल एकीकडे, होडी दुसरीकडे आणि मधे मुलाचा हात. खाडीच्या कडेला कांदळवनाच्या मुळांत दोरी अडकली, तर भिजून आवळलेली गाठ घाबरलेल्या मुलाच्या बोटांनी पाण्याखाली सुटेल का? मोठ्यांनाही सुटत नाही. पॅडल हरवू नये म्हणून लीश, म्हणजे पॅडलला लावायची दोरी, मिळते, पण ती होडीला लावतात, माणसाला नाही. तीही शांत पाण्यात. लाटांमध्ये किंवा कुंडलिकेसारख्या वाहत्या नदीत जाणकार तीसुद्धा काढून ठेवतात. पॅडल गेलं तर जाऊ दे ना!

आता ‘आधाराने तरंगेल’ हे कुठून आलं, तेही सांगते. पॅडल फ्लोट नावाची हवेची पिशवी असते. ती पात्यावर चढवून, पॅडल होडीला आडवं लावून, पाण्यात पडलेला माणूस परत होडीत चढतो. ते शिकावं लागतं, आणि करणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट असतंच. नुसतं पॅडल स्वतःपुरतं तरंगतं, मूल तोलून धरत नाही. अमेरिकेचा केंद्रीय नियम बघा, तिथलं तटरक्षक दल तो राबवतं: चालत्या होडीवर उघड्यावर बसलेल्या 13 वर्षांखालच्या मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, ज्या राज्यांचा स्वतःचा नियम आहे तिथे त्या राज्याचा लागू. बाकावर ठेवलेलं चालत नाही, अंगात घातलेलं लागतं. पोहता येतं म्हणून सूट नाही. आणि जॅकेट मुलाच्या वजनाचं हवं: पट्टे आवळून दोन्ही खांद्यांकडून वर ओढून बघा, ते हनुवटीच्या वर सरकलं तर बदलून मागा.

पॅडलच्या लांबीचे दोन नियम तर एकमेकांनाच खोटं पाडतात. माझी भाची 130 सेंमी उंच आहे. तिने हात वर करून बोटं वाकवली तर माप येतं जेमतेम 160 सेंमीच्या आसपास. मग 230 कुठून आलं? दोन्ही एकाच संदेशात, आणि लोक बिनदिक्कत पुढे ढकलतायत. हात वर करून मोजण्याची रीत अगदीच निराधार नाही, हे मान्य. खळाळत्या पाण्यातल्या अरुंद कयाकसाठी मोठी माणसं तसा अंदाज घेतात. पण त्यात होडीची रुंदी कुठेच येत नाही. बेंडिंग ब्रँचेससारख्या पॅडल बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते बघा, माप दोन गोष्टींवर ठरतं: वल्हवणाऱ्याची उंची आणि होडीची रुंदी. मुलांच्या 60 सेंमी रुंद कयाकमध्ये भाचीएवढ्या मुलीला 180 ते 190 सेंमी पुरतं. किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी दोघांची सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसायची कयाक) 80 सेंमीच्या आसपास रुंद असते, तिथे 200 च्या पुढे जावं लागतं. मूल पुढे बसत असेल तर तिथे होडी निमुळती असते, थोडं आखूडही चालतं.

230 दिलं तर पातं होडीपासून लांब पडतं. मग प्रत्येक वल्ह्याला होडी पुढे जायच्या ऐवजी वळते, मूल दांडी मधे धरायचं सोडून एका बाजूला सरकवतं, आणि मागे बसलेल्या बाबांच्या पॅडलवर त्याचं पॅडल आपटत राहतं. बरोबर आहे का ते होडीत बसवूनच कळतं. पातं पूर्ण बुडावं, दांडी कोरडी राहावी. दांडीही वीतभर बुडत असेल तर लांब आहे. पातं बुडवायला मूल वाकत असेल किंवा बोटं होडीच्या काठावर घासत असतील तर आखूड.

गणवेश वाढत्या मापाचा घेतला तर बाह्या दुमडता येतात, पॅडलला ती सोय नाही. पैसे वाचवण्याचा हेतू मला पटतो, पण त्यासाठी लांबी कमीजास्त होणारं पॅडल मिळतं, ते घ्या. फक्त सगळ्यात आखूड माप किती ते आधी वाचा. मोठ्यांच्या अशा पॅडलचं आखूड माप बहुधा 210-220 च्या घरात असतं.

मोठ्या पात्याबद्दल एवढंच की जोर पात्यात नसतो, खांद्यात असतो, आणि नऊ वर्षांचा खांदा लवकर दमतो. त्यापेक्षा दांडीची जाडी बघा, तिच्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. मुलाने मूठ वळली की अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकायला हवीत, निदान जवळपास. नाही टेकली तर मूल दांडी आवळून धरतं आणि पाऊण तासात मनगट दुखतंय म्हणून रडतं.

अ‍ॅल्युमिनियम? चालेल. स्वस्त आहे, मुलं आपटतात तरी टिकतं. पण ‘तेच’ का? फायबरग्लासचं हलकं पडतं, उन्हात तापत नाही, परवडत असेल तर ते घ्या.

ताई, 230 चं मागवलंयस ते पॅकिंग न फोडता परत कर. तारकर्लीला बुकिंगचा फोन करशील तेव्हा लहान मुलांचं पॅडल आहे का आणि तिच्या वजनाचं जॅकेट आहे का, दोन्ही विचार. जॅकेट नसेल तर होडीत बसवू नकोस. फक्त पॅडल नसेल तर तिला पुढे नुसती बसू दे, वल्हवायचं काम भाऊजी करतील.