सद्यस्थिती: झाडली

माझ्या कलेचा शेवट केरसुणीने होतो. ही तक्रार नाही, कामाचं स्वरूपच तसं आहे. मी रांगोळी काढते. दारातली ठिपक्यांची नव्हे, ती सासूबाई काढतात आणि माझ्यापेक्षा सरळ काढतात. मी माणसं काढते. पाच बाय चार फुटांचा एक चेहरा, चिमटीतून सोडलेल्या भुकटीने, वीस-बावीस तास उकिडवं बसून, पंखा बंद ठेवून, ऑक्टोबरच्या उकाड्यात. दिवाळीत लालबाग-परळकडे शाळांच्या हॉलमध्ये प्रदर्शनं लागतात. लोक दोरीपलीकडे उभं राहून म्हणतात, "अय्या, अगदी फोटो वाटतो!" आमच्यात यापेक्षा मोठं कौतुक नाही. मग भाऊबीज उलटते, शाळा उघडायची वेळ होते आणि शिपाईमामा केरसुणी घेऊन येतात. दोन झटक्यांत नाक, तिसऱ्यात कपाळ.

अशा बाईने सरकारी अनुदानासाठी अर्ज करायचं ठरवलं. योजनेचं नाव सांगत नाही. निकाल लागायचाय.

आधी बाकीच्या योजना पाहिल्या नाहीत असं नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप आहे, महिना 10,000 रुपये, दोन वर्षं. वय 25 ते 40. मी 43. सीनिअरला महिना 20,000, चाळिशीपुढच्यांसाठी, पण त्या रांगेत माझ्यापुढे माझ्या गुरूंचे गुरू उभे असणार. आणि आपल्या राज्याचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन 1954-55 पासून चालू आहे, 2024 पासून सरसकट महिना 5,000 झालंय, पण त्याला पन्नाशी गाठावी लागते. थोडक्यात, होतकरू म्हणायला मी जून आणि ज्येष्ठ म्हणायला कोवळी. या वयाची भेंडी भाजीवालाही ढिगाच्या वरती ठेवत नाही.

तेवढ्यात ग्रुपवर 'वैयक्तिक कलावंतांना प्रकल्प-साहाय्य' असं काहीसं आलं. वयाची अट नाही. मुदत तीन आठवडे. मला वाटलं, तीन आठवड्यांत मी तीन चेहरे काढते, एक फॉर्म काय मोठा!

पहिलाच रकाना 'कलाप्रकार'. बाण दाबला की यादी उघडते. त्यात अकरा प्रकार. वात्स्यायनाने चौसष्ट कला सांगितल्या, त्यात तांदूळ आणि फुलांच्या रचना करण्याची कला आहे, म्हणजे आमच्या घराण्याला थेट शास्त्राधार. पण वात्स्यायनाच्या यादीला बाण नव्हता. मी हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, रांगोळी चित्रकलेत येते का?"

"भिंतीवर टांगता येते का मॅडम?"

"नाही."

"मग नाही येत. शिल्पात बघा. उंची किती?"

"असेल एक मिलिमीटर."

पलीकडे बराच वेळ कीबोर्डचा आवाज. मग ते हळू आवाजात म्हणाले, "इतर टाका." मी 'इतर' टाकलं. त्याबरोबर खाली एक नवीन रकाना उगवला: 'इतर असल्यास सक्षम अधिकाऱ्याचे शिफारसपत्र जोडावे.' सक्षम अधिकारी कोण, हे विचारायला पुन्हा फोन केला तर लंच टाइम झाला होता. तो दिवस मावळेपर्यंत होता.

माझी एक मैत्रीण आहे, जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली. तिने असले चार अर्ज पचवलेत. ती म्हणाली, "तू रांगोळी म्हणतेस तिथेच हरतेस. क्षणभंगुर भूमी-मांडणी म्हण." मी म्हटलं, लोकांना कळेल का? ती म्हणाली, "लोकांना कुठे द्यायचाय अर्ज?" तिच्याच सल्ल्याने मी प्रकल्पाचा सारांश लिहिला: पाचशे शब्द, त्यात 'अवकाश' नऊ वेळा, 'संवाद' सात वेळा आणि 'रांगोळी' एकदाही नाही. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या पोळ्या लाटत शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चांगलं आहे गं. पण हे करणार कोण?"

उत्पन्नाच्या दाखल्याचं फार सांगत नाही, ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे. काउंटरवरच्या मुलाने व्यवसाय विचारला. रांगोळी, म्हटलं. "विकता?" नाही, काढते. "क्लास घेता?" नाही, काढते. त्याने माझ्याकडे माझ्या धाकट्या भावासारखं बघितलं आणि टाइप केलं: गृहिणी. आता अर्जात मी वीस वर्षांची व्यावसायिक कलावंत आणि सोबतच्या दाखल्यात गृहिणी, हे दोन्ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र आलंच. त्यासाठी स्टॅम्पपेपर. शंभरचा मागितला तर विक्रेता हसला. 2024 च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा चालतो, शंभरची कामंही पाचशेच्याच कागदावर. मी घरून वाचून गेले होते. म्हटलं, सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ आहे. तो म्हणाला, "बरोबर आहे ताई. पण साध्या कागदावर नेलंत तर ते परत पाठवतील आणि तुम्ही परत माझ्याकडेच याल." इतका प्रामाणिक दुकानदार मी मुंबईत दुसरा पाहिलेला नाही. पाचशेचा घेतला.

आणि मग कोटेशनं.

साहित्य खरेदीसाठी तीन स्वतंत्र पुरवठादारांची कोटेशनं, लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह. रंगांचं जमलं. लेक कलर आणि पिगमेंट मिळतात ती दुकानं बिलवाली आहेत. पण माझ्या कामात शंभरात ऐंशी भाग असते ती पांढरी रांगोळी, शिरगोळा नावाच्या मऊ दगडाची, आणि ती मी गेली पंधरा वर्षं दादर स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका मावशींकडून घेते. त्यांची पूड बोटांतून सुटते. पुड्यांतल्यासारखी गुठळी होत नाही की दमट हवेत रुसत नाही. ही गोष्ट कुठल्याही रकान्यात लिहिता येत नाही, पण चेहऱ्यावरची सावली तिच्यावर अवलंबून असते.

"मावशी, कोटेशन पाहिजे."

"संपलं. उद्या येईल."

मी समजावून सांगितलं. भाव कागदावर लिहून द्यायचा. किलोचा.

"किलोचा कसा? मी मापाने देते. वर चिमूटभर जास्तच टाकते. ती चिमूट कशी लिहिणार?"

शेवटी मीच वहीच्या कागदावर लिहिलं, त्यांनी सही केली, सहीखाली रांगोळीचा अंगठाही उठला. पण अजून दोन पाहिजेत म्हटल्यावर त्यांनी डावीकडे हाक मारली, तिथे त्यांची जाऊ बसते. उजवीकडे नणंद. तिघींनी मिळून भाव ठरवले. कोणाचा कमी दाखवायचा यावर जरा वाद झाला, मग थोरलीचा मान म्हणून मावशींचा कमी ठरला. मी तिथे फूटपाथवर उभी राहून निविदांचं साटंलोटं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला हातभार लावला. एकूण खरेदी साडेसातशे रुपयांची. वरती आदल्या दिवशीचा स्टॅम्पपेपर पाचशेचा.

अंदाजपत्रकाच्या तक्त्यात साहित्य, प्रवास, मंडप, छायाचित्रण, चित्रीकरण, प्रसिद्धी, चहापान, लेखापरीक्षण असे मथळे छापूनच आले होते. मी भरत गेले. सगळं भरून झाल्यावर खालची टीप वाचली: 'अर्जदाराचे स्वतःचे मानधन या निधीतून देय नाही.' म्हणजे फोटो काढणाऱ्याला पैसे, बॅनर लावणाऱ्याला पैसे, चहा देणाऱ्याला पैसे, पैसे बरोबर दिले हे तपासणाऱ्या सीएलाही पैसे. ज्याच्यासाठी हे सगळे जमले ते करणाऱ्या बाईला चहा. नवरा म्हणाला, "बरोबरच आहे. लग्नात सगळ्यांना आहेर असतो, मुलीच्या बापाला बिल."

सीएंना आधीच विचारून ठेवलं, कारण शेवटी विनियोग प्रमाणपत्र लागतं, दिलेला पैसा दिलेल्या कामावरच खर्च झाला असं. भले गृहस्थ. म्हणाले, काम संपल्यावर उरलेलं साहित्य दाखवावं लागेल. म्हटलं, उरत नाही, सगळं मिसळतं. लाल, निळं, पांढरं, पिवळं, झाडताना सगळ्याचा एकच रंग होतो, राखाडी-जांभळा. ते विचारात पडले. मग त्यांनी डायरीत लिहिलं: 'क्लोजिंग स्टॉक, राखाडी.'

पण खरी अडचण पान सहावर होती. मागील पाच वर्षांतील तीन प्रमुख कलाकृती, त्यांचे मोजमाप, सद्यस्थिती आणि सध्या कोणाच्या संग्रहात. मी रात्रभर त्या पानाकडे बघत बसले. शाळेच्या हॉलमधली आजीबाई, जिच्या सुरकुत्यांना मला दोन रात्री लागल्या होत्या, ती आधी डब्यात गेली, मग पालिकेच्या गाडीत, तिथून बहुधा देवनारच्या कचराडेपोत. म्हणजे सार्वजनिक संग्रह, असं म्हणता येईल. तशी लिहिलीही होती, मग खोडली. सरकारी अर्जात विनोद करू नये, तो मंजूर होऊ शकतो. तिन्हींपुढे सरळ लिहिलं: 'सद्यस्थिती: झाडली.' खाली एक प्रश्न होता, 'प्रकल्पानंतर कलाकृतीच्या जतनाची योजना?' तिथे 'नाही' लिहिलं तर फॉर्म पुढे जाईना. 'होय' केलं तर पाच वर्षं सुस्थितीत सांभाळण्याचं हमीपत्र छापून आलं. मी सही केली. सही दहा ते वीस केबीत बसवून अपलोड करायची होती. माझी मोठी निघाली, झेरॉक्सवाल्या पोराने आडनाव कापून बसवली.

शेवटच्या रात्री अकरा चाळीसला अर्ज गेला. आठवण म्हणून एक क्रमांक आला, चौदा आकडी. देव्हाऱ्यात ठेवला.

दोन महिन्यांनी त्रुटीपत्र आलं. एकच त्रुटी. ती मी इतक्यांदा वाचली की पाठ झालीय: 'आपण सादर केलेली तीन छायाचित्रे व्यक्तींची असून कलाकृतींची दिसून येत नाहीत. तरी कलाकृतींची छायाचित्रे सात दिवसांत सादर करावीत.'

वीस वर्षं ज्या वाक्यासाठी गुडघे झिजवले ते वाक्य शेवटी कार्यालयीन शिक्क्यासह, जावक क्रमांकासह, लेखी मिळालं. अगदी फोटो वाटतो. मी ते पत्र सासूबाईंना दाखवलं, मैत्रिणीला पाठवलं, मावशींनाही वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "माझी पूड आहे म्हणून."

पण उत्तर द्यायचं होतं आणि जुन्यांपैकी एकही जमिनीवर शिल्लक नव्हती. मग घरात, सोफा गॅलरीत काढून, एक नवी काढली. त्याच शाळेतल्या शिपाईमामांची. अडीच दिवस आम्ही सगळे भिंतीला चिकटून चाललो, मांजराला शेजारी पाठवलं. झाली. मामांच्या मिशीतला एक एक पांढरा केस सुटा दिसत होता. फोटो काढायच्या आधी मी वाकले, उजव्या हाताचं बोट मामांच्या गालावर टेकवलं आणि ओढलं. गालाची भुकटी डोळ्यापर्यंत सरकली, खालचं प्लायवूड दिसलं. मग फोटो काढला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, रात्री मला जास्तीची पुरणपोळी वाढली.

फोटो पाठवलाय. त्रुटी दूर झाल्याचा मेसेज आला, अर्ज 'विचाराधीन' आहे. मामांना या वेळी केरसुणीने नाही, पत्र्याच्या सुपलीने गोळा केलं. हमीपत्रावर सही माझी आहे, अर्धी का होईना. बाजारातून काचेच्या बरण्या आणल्या, घट्ट झाकणाच्या, आणि राखाडी-जांभळी पूड समान वाटून भरली. वर चिठ्ठ्या लावल्या: नाव, मोजमाप पाच बाय चार फूट, क्रमांक.

बरण्या तीन आहेत. प्रती तीनच लागतात.