खुलासा: एलईडी लावल्या म्हणून सेट गप्प होत नाही

इंदूरच्या लघुपटवाल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘एलईडीला आवाज नसतो; घरघर आली तर माइक बदला.’ हे चूक आहे. शूटिंगच्या बहुतेक मोठ्या एलईडी दिव्यांत पंखा असतो, काहींच्या कंट्रोल बॉक्समध्येही. मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि शूटिंगच्या वाड्याची दारंखिडक्या बंद. मग पहिल्या टेकला गप्प असलेला पंखा चौथ्याला सुसाट सुटतो. सायलेंट मोड असेल तर लावा, पण त्यात बऱ्याचदा उजेड कमी होतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा, ते धरूनच ठरवा.

हॅलोजन डिमरवर अर्धा केला की फिलामेंटच गुणगुणते. त्यापेक्षा पूर्ण व्होल्टेज द्या आणि पुढे उजेड कमी करणारी जाळी लावा. एचएमआयचा (दिवसाच्या उजेडासारखा प्रखर दिवा) बॅलास्ट, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, लांब केबलने शेजारच्या खोलीत न्यावा, हे खरं. पण कॅमेऱ्यात उजेड लुकलुकू नये म्हणून असलेल्या फ्लिकर-फ्री मोडमध्ये खुद्द दिवाच किणकिणतो, त्याचं काय?

कानाला काही नाही, हेडफोनमध्ये मात्र ५० किंवा १०० हर्ट्‌झची घूं? मग बघा, माइकची केबल पॉवर केबलला चिकटून समांतर गेली असेल. ओलांडायचीच तर काटकोनात. तरीही पत्ता लागेना, तर रेकॉर्डर चालू ठेवून एकेक दिवा प्लगपासून काढत जा.